मुख्यालय कुणाचं

विशाखा गजभारे मूळची अर्धापूरची. तिचे वडील व्यंकटी गजभारे एसटीत कंडक्टर होते आणि नांदेड-लातूर गाडीवर तिकिटं फाडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. पोरगी बँकेत अधिकारी झाली तेव्हा सुट्टे पैसे परत देता देता ते प्रवाशांना ही बातमी सांगायचे, असं डेपोतले लोक अजून हसून सांगतात.

विशाखा नांदेडच्या शाखेत कर्ज विभागात बसायची. तिथं बसून बसून एक गोष्ट तिला सलायला लागली होती. गावोगावच्या बायका बचत गटात पैसे साठवायच्या, ते बँकेत यायचे. पण त्याच गावची ग्रामपंचायत पाण्याच्या लाईनसाठी कर्ज मागायला आली की बँक हात जोडायची. तारण काय, वसुली कुणाकडून, असे चार प्रश्न विचारायचे आणि सरपंचाला चहा पाजून वाटेला लावायचं. एखादा बिल्डर आला की मात्र साहेब उठून दारापर्यंत जायचे.

म्हणून राज्य सरकारनं स्वतःच्या मालकीची लोकसुविधा बँक काढायचं ठरवलं तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. कल्पना साधी होती. सरकारी महामंडळांच्या आणि कार्यालयांच्या ठेवी या बँकेत ठेवायच्या आणि त्यातून ग्रामपंचायतींना, नगरपालिकांना नळ, गटारं, पूल, शीतगृहं यांच्यासाठी स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज द्यायचं. नफा झालाच तर तो पुन्हा गावांतच फिरवायचा. मराठवाड्यात पूर्वतयारी करायला अधिकारी हवे होते. विशाखाला तिच्या बँकेतून प्रतिनियुक्तीवर घेतलं, आणि तिच्या जोडीला लातूरचा यज्ञेश औसेकर, पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर.

ते वर्ष चांगलं गेलं. नांदेड ते लातूर, मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर, आणि आजूबाजूची गावं त्यांनी एका जीपमध्ये पालथी घातली. औसेकर घरून दशमी आणि लसणाची चटणी आणायचा, विशाखा अर्धापूरची केळी आणायची. दोघं एकाच डब्यात जेवायची. तो मोजमाप करायचा, ती पंचायतीचा वसूल बघायची, आणि रात्री मुक्कामाच्या गावी कर्जाची प्रकरणं तयार व्हायची.

पहिलं प्रकरण सावळदरीचं. गाव लोह्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. तिथं नळाची लाईन आणि गटार एकाच चरातून गेली होती. पाईपला ठिकठिकाणी भेगा होत्या. नळ आला की आधी काळं पाणी यायचं, त्याला घाण वास यायचा. बायका ते वाहून जाऊ द्यायच्या आणि रंग बदलला की हंडा लावायच्या. देगलूरकडून लग्न होऊन आलेली नागम्मा नावाची बाई तिथला बचत गट चालवायची. ती म्हणाली, "मॅडम, रंग बदलतो, पानी न्हाई बदलत. पोरायची पोटं बघा." औसेकर चरात उतरला, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला, आणि वर येऊन म्हणाला, "हे काम सगळ्यात आधी." विशाखाला त्या दिवशी तो फार आवडला.

त्यांच्यासोबत बऱ्याचदा वसंतराव कंधारकर सर असायचे. सर नांदेडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. विशाखा त्यांचीच विद्यार्थिनी. सार्वजनिक बँक म्हणजे काय, ती का हवी, हे तिनं पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ऊन असो की धूळ, ते धोतराचा सोगा सावरत जीपमध्ये चढायचे आणि पारावर उभे राहून बोलायचे. सावळदरीत ते म्हणाले होते, "विष्णुपुरीला आपण गोदावरी अडवली ती कशासाठी? पाणी आपल्या रानात मुरावं म्हणून. मग आपलाच पैसा तेवढा मुंबईला वाहून का जाऊ द्यायचा? त्यालाही बांध घालू." माणसं माना डोलवत होती. विशाखा मागं उभी राहून ऐकत होती. आपल्याला या माणसानं घडवलं, असं तिला वाटत होतं आणि त्याचा अभिमान वाटत होता.

मग एका सकाळी शासनाचं पत्रक आलं. बँकेचं मराठवाड्यातलं मुख्यालय नांदेड किंवा लातूर येथे राहील, नागरिकांची मतं ऐकून निर्णय घेऊ, असं त्यात एक वाक्य होतं. बाकी सगळी पानं कर्जाच्या नियमांची होती. ती कुणीच वाचली नाहीत.

आठ दिवसांत दोन्ही शहरं पेटली. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे जुनं भांडण लोकांच्या पोटात होतंच, त्याला फक्त हवा मिळाली. नांदेडला कृती समिती निघाली, लातूरला संघर्ष समिती निघाली. इकडं बंद, तिकडं चक्काजाम. वजिराबादच्या चौकात फलक लागला, 'मुख्यालय नांदेडलाच'. लातूरला गंजगोलाईत तसाच फलक लागला, फक्त गावाचं नाव वेगळं. वकील, डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका मांडवात उपोषणाला बसली आणि संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन घरी गेली. अहमदपूरला कुणीतरी जीपवर शाई फेकली. कोणत्या बाजूच्या माणसानं फेकली ते कळलं नाही. जीपवर दोन्ही जिल्ह्यांची नावं होती, एवढं कारण पुरलं असणार.

व्यंकटी पेपर वाचून म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. बँक हाय का अजून?"

"न्हाई बाबा. अजून कायदाच व्हायचाय."

"मग हे कशापायी डोकी फोडून राहिलेत?"

विशाखानं पेपर घडी करून ठेवला. तिला वाटत होतं, हे दोन दिवसांचं आहे, शहाणी माणसं पुढं येतील. शहाणा माणूस म्हटला की तिच्या डोळ्यांपुढं एकच चेहरा यायचा. आणि मग तिनं बातमी वाचली की नांदेडच्या कृती समितीचं अध्यक्षपद वसंतराव कंधारकर सरांनी स्वीकारलं आहे.

ती त्याच दिवशी त्यांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी दार उघडलं. बैठकीत समितीची माणसं बसून गेल्याच्या खुणा होत्या. बशांत चिवडा सांडलेला, सतरंजीवर टोप्यांचे गठ्ठे, एका कोपऱ्यात कापडी फलक गुंडाळून ठेवलेला. सर तिला बघून खूश झाले.

"ये, ये. तुझीच आठवण काढत होतो. आपल्या बाजूचे मुद्दे तू नीट लिहून दे. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"सर, आपली बाजू कोणती?" विशाखानं विचारलं.

"म्हणजे? नांदेडची."

"मुख्यालय कुठंही झालं तरी सावळदरीला कर्ज मिळणारच आहे. तुम्हीच सांगितलंत ना तिथं. या भांडणात बँकच अडकली तर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, संस्था ही शहराची इज्जत असते. लातूरकरांनी आजवर सगळं ओढून नेलं. आता हेही जाऊ द्यायचं?" मग जरा थांबून, आवाज खाली करून ते म्हणाले, "आणखी एक आहे. समितीनं एकमतानं ठराव केलाय. मुख्यालयाच्या इमारतीला आमच्या वडिलांचं नाव द्यायचं. मुक्तिसंग्रामात त्यांनी किती हाल काढले, आज कुणाला आठवतात? एवढं तरी व्हावं."

सौदामिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला आणि विशाखाकडं न बघता आत निघून गेल्या. विशाखाला एकदम कळलं की या घरात हे बोलणं आधी झालेलं आहे आणि बाईंना ते आवडलेलं नाही.

तिनं चहा प्यायला. त्याची चव तिला कळली नाही. सरांच्या वडिलांबद्दल तिच्या मनात आदरच होता. निजामाच्या तुरुंगात ते सुकून गेले होते, हे तिनं वर्गात ऐकलं होतं. पण त्या तुरुंगवासाची इतक्या वर्षांनी अशी किंमत मागितली जात होती. सर मात्र तिला समितीचं निवेदन वाचून दाखवत होते, आणि त्यात गावांच्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती.

औसेकरवर तिचा भरवसा शिल्लक होता. तोही आठवड्यातच गेला. लातूरच्या एका पेपरात त्याचं नाव देऊन छापून आलं, 'नांदेड भागातील प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या कच्चे, तज्ज्ञ अभियंत्याचं मत'. खाली सावळदरीचं नाव होतं. तिथला खडक कठीण आहे, नवीन चर खोदणं परवडणार नाही, असं त्यानं म्हटल्याचं लिहिलं होतं.

दोघं अहमदपूरला रस्त्यालगतच्या हॉटेलात भेटली. औसेकर आधीच येऊन बसला होता. त्यानं दशमीचा डबा आणला नव्हता.

"खडक आहे तिथं," तो म्हणाला. "मी खोटं नाही बोललो."

"खडक गावाच्या एका टोकाला आहे. तुम्हीच मला दाखवला होता. बाकी सगळी काळी माती आहे."

"ते त्यांनी छापलं नाही."

"तुम्ही सांगितलं होतं का?"

औसेकर कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मॅडम, तुम्हाला कल्पना नाही. आमच्या मुलीच्या, मनस्विनीच्या शाळेत बाया तिच्या आईला विचारतात, तुमचे मिस्टर नांदेडचं काम करतात का म्हणून. सोसायटीत पाणी कुणी सोडायचं यावरून वाद झाला, तिथंसुद्धा कुणीतरी बोललं, गद्दाराच्या घरी आधी सोडा. मला तिथं राहायचंय."

"आणि नागम्माला कुठं राहायचंय?"

तो बिल द्यायला उठला. विशाखानं तिच्या चहाचे पैसे वेगळे दिले. यापूर्वी कधी असं झालं नव्हतं. परत येताना वाटेत सावळदरीचा फाटा लागला तेव्हा चिखलानं भरलेल्या पायांनी चरातून वर येणारा औसेकर तिला आठवला. तो माणूसही खराच होता. त्यामुळं तर हे तिला जास्तच झोंबलं. तिनं जीप थांबवायला लावली आणि थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

नागरिकांची मतं ऐकायला सुनावणी ठेवली होती, लातूरच्या एका मोठ्या सभागृहात. मुंबईहून सचिव आले होते. सकाळपासून दोन्हीकडून बसगाड्या येत होत्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपी आणि जेवणाचं पाकीट मिळत होतं. दुपार व्हायच्या आत सभागृहाचं आवार उष्ट्यानं भरलं. अर्ध्या खाल्लेल्या पुऱ्या, बुंदीचे लाडू, केळाच्या साली, पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या, आणि त्या सगळ्यावर माशा. माणसं त्यावरून चालत घोषणा देत होती.

त्या गर्दीत विशाखाला नागम्मा दिसली. तिच्याबरोबर सावळदरीच्या आणखी बायका होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर 'मुख्यालय नांदेडलाच' लिहिलेल्या टोप्या. पदरावर टोपी नीट बसत नव्हती, म्हणून एकीनं ती पिनेनं अडकवली होती.

"जय भीम मॅडम," नागम्मा म्हणाली. विशाखाला बघून तिला बरं वाटलं होतं. "सरायनं गाडी धाडली. म्हनले पान्याच्या लाईनीचं हाय, सह्या होनार, समद्या या. आज होतंय ना आपलं?"

विशाखानं तिच्याकडं बघितलं. खरी गोष्ट सांगायची तर ती तिथंच, त्या उष्ट्यात उभं राहून सांगावी लागली असती. ती एवढंच म्हणाली, "नागम्माबाई, आत बसा. ऐका काय बोलतात ते."

आत आधी लातूरच्या समितीचे अध्यक्ष बोलले, डॉक्टर शिवमूर्ती कानडे. ते दरवर्षी गरिबांच्या डोळ्यांची शिबिरं घेणारे, विशाखानं त्यांच्याबद्दल चांगलंच ऐकलेलं. ते म्हणाले, मुख्यालय लातूरला होणार नसेल तर आम्हाला ही बँक नको. अर्धं सभागृह उभं राहिलं. मग कंधारकर सर उठले. त्यांचा आवाज तोच होता, पारावरचा. शब्द तेवढे बदलले होते. "नांदेडचा अपमान करून येणारी बँक आम्हाला नको," ते म्हणाले. "ती न आलेली बरी." दुसरं अर्धं सभागृह उभं राहिलं. सावळदरीच्या बायका इतर उठल्या म्हणून उठल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

सचिव लिहून घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव विशाखाला स्पष्ट दिसला. मुंबईत या बँकेच्या विरोधात बसलेली माणसं कमी नव्हती, हे तिला ठाऊक होतं. त्यांना जे हवं होतं ते इथं दोन शहरांनी आपल्या हातानं लिहून दिलं होतं.

तिला बोलायची परवानगी नव्हती. ती तरीही उठली.

"साहेब, मी या कामावर वर्षभर फिरले आहे. इथं सकाळपासून पाण्याचा, गटाराचा, पुलाचा शब्द कुणाच्या तोंडून निघालेला नाही. ज्या गावांसाठी ही बँक आहे त्या गावांच्या बायका मागं बसल्या आहेत. त्यांना वेगळंच सांगून आणलंय. मुख्यालय कुठंही करा, चाकूरला करा, पण आमची प्रकरणं—"

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. लातूरच्या बाजूनं ओरड झाली, ही नांदेडची आहे, बसवा हिला. नांदेडच्या बाजूनं ओरड झाली, ही फितूर झाली. सचिवांनी माईक ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण शासनाच्या कर्मचारी आहात. ही सुनावणी नागरिकांची आहे. खाली बसा." औसेकर पहिल्या रांगेत होता. तो मोबाईलमध्ये बघत राहिला.

बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. ते चिडलेले होते, तरी आवाज चढू देत नव्हते.

"सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस. त्या बायकांना काय कळतं, त्यांना गाडीत बसवून आणलं तर काय बिघडलं? तू हुशार आहेस, पण शेवटी तुम्हा लोकांना या मातीच्या संस्थांचं..."

ते थांबले. वाक्य अर्ध्यावर राहिलं. पण जे यायचं होतं ते आलं होतं, आणि दोघांनाही ते कळलं. विशाखा त्यांच्याकडं बघत राहिली. वर्गात पहिल्या बाकावर तिला बसवणारे, तिच्या फीसाठी प्राचार्यांशी भांडणारे, अर्धापूरला येऊन आईच्या हातची भाकरी खाल्लेले हेच सर. इतकी वर्षं हे 'तुम्हा लोकांना' कुठं ठेवलं होतं त्यांनी?

"माझं तसं म्हणणं नव्हतं," सर म्हणाले.

"नव्हतं सर," ती म्हणाली, आणि जीपकडं चालू लागली.

निकाल पावसाळी अधिवेशनानंतर लागला. दोन्ही शहरांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन मुख्यालयाचा निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे. तोवर दोन्ही ठिकाणी एकेक संपर्क कक्ष राहील. कर्जवाटप मुख्यालय ठरल्यावर सुरू होईल. इतर विभागांत बँक सुरू झाली. मराठवाड्याला दोन कक्ष मिळाले, दोन फलक आणि दोन फीत कापण्याचे समारंभ.

आणि दोन्ही शहरांनी गुलाल उधळला. लातूरला फटाके वाजले, नांदेडला ढोल. आपण समोरच्याला मिळू दिलं नाही, याचा आनंद त्या गुलालात होता. लातूरच्या कक्षावर औसेकरला नेमलं, नांदेडच्या कक्षावर विशाखाला. उद्घाटनाच्या दिवशी सरांनी स्वतः तिच्या खांद्यावर शाल घातली. फोटोवाले पुढं सरसावले. तिला शालीच्या नव्या कापडाचा वास आला, आणि सरांच्या हाताला लागलेल्या गुलालाचा. तिनं शाल काढली, घडी न घालता खुर्चीवर टाकली आणि पायऱ्या उतरून खाली आली. मागं कुणीतरी माईकवर म्हणत होतं, मॅडमना तातडीचं काम आलेलं दिसतं.

ती सावळदरीला गेली. सांगणं भाग होतं. नागम्मा आणि बाकीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. विशाखा त्यांच्यात बसली आणि जे झालं ते तिनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. लाईन येणार नाही. कधी येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी लातूरला टाळ्या वाजवल्या त्या बँक नको म्हणून सांगणाऱ्या भाषणाला.

नागम्मानं हातातली तूर खाली ठेवली. मग नागम्मा म्हणाली, "म्हंजे आमच्याच हातानं?"

"हाव."

"अन् तुमाला ठावं होतं? तिथं भेटला तवा?"

"हाव. ठावं होतं."

"मंग आत बसा कशाला म्हनलं? तिथंच सांगायचं. आमी टोप्या फेकून गाडीत जाऊन बसलो असतो."

तिच्या शेजारची म्हातारी सुपातली तूर पाखडत म्हणाली, "यायला काय जातंय. जीपात येत्यात, लिहून नेत्यात, परत जीपात जात्यात. ही बी त्यातलीच." त्यात खोटं काय होतं, हे विशाखाला सापडत नव्हतं. नागम्मानं तिला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती पुन्हा निवडायला लागली.

घरी आल्यावर विशाखानं आपल्या जुन्या बँकेत परत जाण्याचा अर्ज लिहिला. व्यंकटींनी तो वाचला. "कक्षाची साहेबीण झालीस. गाडी हाय, खोली हाय. कशाला सोडतीस?"

"बाबा, तिथं बसून करायचं काय? मुख्यालय कुठं व्हावं त्याची निवेदनं गोळा करायची. त्या खोलीत पाय ठेवला की मला अंघोळ करावीशी वाटते."

व्यंकटींनी चष्मा खाली घेतला. "मीबी चौकात बघाया गेलतो गुलाल उडवताना," ते म्हणाले. "कुनीतरी कपाळाला लावला. मीबी लावून घेतला. बरं वाटलं जरा." ही गोष्ट ते लपवू शकले असते. विशाखानं त्यांच्याकडं बघितलं आणि तिला त्यांचाही क्षणभर राग आला, मग तो गेला. अर्ज तिनं सकाळीच पोचता केला.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा कर्ज विभागातल्या त्याच टेबलावर बसली. कंधारकर सरांचा एकदा फोन आला. तिनं तो वाजू दिला. औसेकरनं दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या, त्या तिनं वाचल्या आणि तशाच ठेवल्या. त्याच आठवड्यात लोह्याकडचा एक सरपंच गावच्या पाण्याच्या लाईनसाठी कर्ज मिळेल का विचारायला आला. विशाखानं त्याला समोर बसवलं, मिळणार नाही हे पहिल्या वाक्यात सांगितलं, आणि का मिळणार नाही, हे सांगायला सुरुवात केली. चहा मात्र मागवला नाही.